फळीवाल्यांचा हिवाळा

७ डिसेंबर १९८५, शनिवार

डॉक्टर म्हणाला, ऑरिन, राग आला की माणसांवर काढण्याऐवजी कागदावर काढत जा, नाहीतर एक दिवस डोक्यातली शीर फुटेल. म्हणून ही वही. आज टेकडी उघडली आणि दुपारपर्यंत वहीची गरज पडली.

टेकडी गावाच्या मालकीची, आणि मी तिच्या बचाव पथकाचा प्रमुख. बावीस हिवाळे स्कीवरून पडलेल्यांना उचलतोय, मोडलेल्यांना बांधून घसरगाडीतून खाली आणतोय. मूर्खांना हाकलणं हेही आमचंच काम. यंदाचे मूर्ख फळ्या घेऊन आलेत. एकच रुंद फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे जखडलेले, हातात काठ्या नाहीत, आणि खेकड्यासारखं तिरपं तिरपं उतरायचं. लिफ्टवर त्यांना बंदी आहे, तर हे महाभाग झाडीतून पायी वर चढतात आणि चांगल्या लोकांच्या अंगावरून खाली येतात.

आज एक जण बड गोशेच्या हाती लागला. बड पथकातला माझा उजवा हात. गाई पाळतो, मान बैलाची आहे आणि विनोदही तसाच. त्यानं फळी हिसकावली आणि बर्फ दाबायच्या यंत्राच्या पट्ट्याखाली टाकली. मांडीचं हाड मोडतं तसा आवाज झाला. फळीवाला होता नील वॉशबर्न. लाकडाच्या गिरणीत कामाला असतो आणि आपल्या गॅरेजमध्ये या फळ्या बनवतो.

"मिस्टर टाट्रो," तो बडकडे न बघता मला म्हणाला, "महिनाभर घासत होतो ती."

"मग आता शेगडीत घाल, महिनाभर ऊब देईल," बड म्हणाला.

आम्ही हसलो. नील वाकून तुकडे गोळा करत राहिला, तशी बडनं त्याच्या ढुंगणावर लाथ घातली आणि तो तोंडावर आपटला. स्कीचा बूट लोखंडासारखा लागतो. मला ते जरा जास्त वाटलं, पण बोललो नाही.

माझं भाकीत लिहून ठेवतो. तीन हिवाळे. त्यानंतर लोक या फळ्या तळघरातल्या कपाटाला कप्पे म्हणून ठोकतील.

१५ डिसेंबर, रविवार

टेकडीच्या पायथ्याशी लॉज आहे. तिथलं स्वयंपाकघर माझी बायको डेल्फीन चालवते. दुपारी तिथं गर्दी होती आणि नील कॉफी प्यायला आला. याला म्हणतात निबरपणा. कुणीतरी त्याला डिवचलं, की बाबा, तुमच्या या खेळाचं पुढं काय होणार ते तरी सांग.

"दहा वर्षांत निम्मी टेकडी फळीवर असेल," तो म्हणाला. "पण स्की जाणार नाही. तुमची स्कीच आमच्यासारखी होईल. आखूड, रुंद, कमरेत बारीक. मग एक वळण घ्यायला इतकी झटापट करावी लागणार नाही."

सगळं लॉज हसलं. मीही. बावीस वर्षं मी लांब, सरळ स्कीवर उभा आहे आणि गिरणीतला पोरगा मला तिची कंबर सांगतोय.

"कमरेत बारीक हवी असेल तर बायको बघ," बड म्हणाला.

"तुला बघून बायकांनीच शोधणं सोडलंय," नील म्हणाला.

बाहेर गाड्या लावतात तिथं बडनं त्याला गाठलं. दोन ठोसे पुरले. दुसऱ्या ठोशाला नीलचा पुढचा दात बर्फावर पडला आणि त्याच्याभोवती लालभडक खळगा झाला. मी खिडकीतून पाहत होतो. मध्ये पडलो नाही. टेकडीबाहेरचं भांडण पथकाचं नाही.

डेल्फीन भांडी पुसायचं फडकं घेऊन बाहेर गेली आणि त्याच्या तोंडाला लावून बसली. आत आल्यावर मला म्हणाली, "तुमच्या पथकाचं काम माणसं उचलायचं की पाडायचं, ते एकदा ठरवा." मार्नी आईला मदत करत आतच होती. घरी येताना ती माझ्याशेजारी न बसता मागच्या सीटवर बसली.

मार्नी आमची एकुलती एक. एकोणीस वर्षांची. धड चालायच्या आधी मी तिला स्कीवर उभं केलं. जानेवारीत राज्याच्या संघाची निवड आहे आणि ती संघात गेली नाही तर मी माझं नाव बदलेन.

२८ डिसेंबर, शनिवार

आज सरावात मार्नी सुतासारखी सरळ उतरली आणि तितकीच मठ्ठ. चुकत नाही, पण भूकच नाही. शर्यतीच्या वाटेवर दोन खांबांची फाटकं असतात, त्यातल्या एकाजवळ तर वळण घेताना दोन्ही पाय जुळवून, खांदा पुढे काढून काहीतरी विचित्रच केलं. मी ओरडलो, हे काय चाललंय. म्हणाली, "सवयीनं झालं." कसली सवय, ते विचारायचं राहिलं.

घरी तिच्या स्की पाहिल्या. कडांना गंज. माझ्या घरात, माझ्या पोरीच्या स्कीला गंज. मी स्वतः बसून कानस मारली. डेल्फीन म्हणाली, "तिच्या वस्तू तिला बघू दे की." मी म्हटलं, बघत असती तर गंज चढला असता का. पोरगी रोज दुपारी बाहेर जाते ती जेवायच्या वेळी भिजून येते आणि सराव केला म्हणून सांगते. मग गंज कुठून? ओलसर कोठारामुळेच असणार. दार नीट लागत नाही, ते दुरुस्त करायला हवं.

५ जानेवारी १९८६, रविवार



जेवताना मार्नीनं बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि स्वेटरची बाही वर गेली. मनगटाभोवती जांभळं कडं. दुसऱ्या हातालाही तसंच, कडेनं पिवळं पडत चाललेलं, म्हणजे जुनं. मग लक्षात आलं की ती खुर्चीच्या टोकावर, एका अंगावर बसलीय. उठताना तिनं ओठ चावला.

स्कीवरून पडणारं माणूस काय मोडून घेतं हे मला कुणी शिकवायला नको. गुडघा, नडगी आणि काठीत अडकलेला अंगठा. बावीस वर्षांत मी यापलीकडं फारसं काही बांधलेलं नाही. आमच्या पथकाच्या खोपटात मोडलेलं हाड बांधायच्या फळकुट्या आहेत त्याही सगळ्या पायाच्या मापाच्या, लांब. दोन्ही मनगटं आणि बसायची जागा एकाच वेळी काळीनिळी होतात ती स्कीनं नव्हे. तिला कुणीतरी हात धरून ओढलंय, आणि पाडून लाथा घातल्यात.

मी ताटातला बटाटा कुस्करत बसलो. बोललो असतो तर टेबल उलटं केलं असतं.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी विचारलं. आधी म्हणाली, कोठाराच्या पायरीवरून पाय घसरला. मी म्हटलं, दोन्ही मनगटांवर, दोन वेगळ्या आठवड्यांत? मग म्हणाली, "बरं पपा, खरं सांगते. फळीवरून पडते मी. नोव्हेंबरपासून शिकतेय. पडताना हात पुढं टेकवायची सवय जात नाही. नील वॉशबर्न शिकवतो मला, वरच्या जुन्या कुरणात."

मी हसलो. खरंच हसू आलं. राज्याच्या संघात जाणारी माझी पोर फळीवर? कुणाला तरी वाचवायला बायका काय काय रचतात हे मी पाहिलंय. पायरीवरून पडले, दार लागलं, गाय लागली. आणि तिला सुचलेलं नाव बघा. थापही त्याचीच आणि वळही त्याचेच.

"ती खरं बोलतेय, ऑरिन," डेल्फीन म्हणाली.

म्हणजे आईलाही फितवलंय.

"तुझ्या गळ्याची शपथ घेऊ की बायबलवर हात ठेवू?" मार्नी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मार खाल्लेल्या बाईचे असेच भरतात. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बाळा, तू काही काळजी करू नकोस.

८ जानेवारी, बुधवार

गेलो. बडला बरोबर घेतला नाही. हे बापाचं काम आहे.

गॅरेजमध्ये लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. नील एका फळीच्या कडेला पोलादी पट्टी बसवत होता. मला बघून त्यानं हत्यार खाली ठेवलं आणि चक्क स्टूल पुढं केलं. म्हणाला, "बरं झालं आलात. मीच येणार होतो बोलायला."

"तिच्या मनगटांना काय झालंय?"

"ती पडते हो," तो म्हणाला. "मी सांगतो तिला, मूठ आवळून पड, पण—"

पडते. हाच शब्द. मी त्याच्या तोंडावर मारलं. तो कामाच्या टेबलावर आदळला, डबे खाली आले. पुन्हा मारलं. तो हात वर करून नुसता चेहरा झाकत होता, उलट मारत नव्हता, आणि त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं, कारण भेकड लोक असेच असतात, बाईवर हात उचलतात आणि पुरुषापुढं झाकून घेतात. मी त्याला कॉलरला धरून उभा केला, पोटात गुडघा घातला. तो खाली बसला तेव्हा माझ्या हाताशी ती अर्धवट फळी लागली. दोन्ही हातांनी उचलली आणि आडवी हाणली. पट्टीची कड त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली.

तो ओरडला नाही. दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज काढला आणि भुशात आडवा झाला. बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी पाण्यासारखं येत होतं.

मग मीच त्याला बांधलं. हात आपोआप चालले. डोळ्यावर घडी, वर कागदी पेला उपडा, वर पट्टी, जशी शिकवतात तशी. माझ्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "मार्नीला तुम्ही सांगा, मी नाही सांगणार."

घरी येऊन हात तीनदा धुतले. पण तिला आता कुणी हात लावणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार

डावा डोळा गेला. उजेड-अंधार कळेल म्हणतात, बाकी काही नाही.

कॉन्स्टेबल चौकशीला आला. नीलनं तक्रार द्यायला नकार दिलाय. चोराला आपली चोरी ठाऊक असते, तक्रार कुठल्या तोंडानं करेल. कॉन्स्टेबलनं टोपी काढून माझा हात हातात घेतला. त्यालाही दोन मुली आहेत.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. दुकानात माझ्याकडून कुणी कॉफीचे पैसे घेत नाही. बड म्हणतो, पुतळा उभारायला हवा. नीलला गिरणीतून काढलंय, आणि बायकांनी त्याच्या आईशी बोलणं टाकलंय.

मार्नी शनिवारी निवडीला गेलीच नाही. ती निघून गेली. सामान भरताना मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं." इतकंच. वॉशबर्नांच्या घरी गेलीय, त्याची सेवा करायला. मारणाऱ्याकडेच परत जातात, असं ऐकून होतो. डेल्फीन माझं ताट वाढते आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते.

मी बरोबर केलं. हे वाक्य मी इथं दोनदा लिहून एकदा खोडलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

टेकडीच्या समितीचं डोकं फिरलंय. पलीकडच्या टेकडीनं फळ्यांना परवानगी दिली आणि आपली माणसं तिकडं चाललीत, म्हणून शाळांच्या सुट्टीच्या आठवड्यात फळीवाल्यांना लिफ्टवर घ्यायचं. प्रयोग म्हणे. कायमचं काय ते मार्चच्या गावसभेत हात वर करून ठरवायचं. समितीनं मला विचारलं नाही, फक्त कळवलं.

विरोधात मीच बोलायचं, असं सगळे धरून चाललेत. बड म्हणतो, तू नुसता उभा राहिलास तरी जिंकलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कुठून आली एवढी माणसं? वाहनतळ भरून रस्त्यावर गाड्या. आणि पोरं नाहीत नुसती, बाप्ये, बायका, एक दाढीवाला न्हावीसुद्धा.

सकाळी लिफ्टच्या रांगेतच सुरुवात झाली. आमच्यातल्या एकानं एका फळीवाल्याच्या बरगडीत काठीचं टोक खुपसलं. त्यानं वळून हेल्मेट नसलेल्या डोक्यानं याच्या नाकावर टक्कर दिली. नाक सपाट. दुपारी बड मुद्दाम एका बसलेल्या मुलीच्या फळीवरून, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, सुसाट गेला. तिच्या भावानं त्याला खाली गाठून स्कीच्याच काठीनं पाठीवर वळ उठवले. मी दोघांचे लिफ्टचे पास कापले. बड म्हणाला, "माझाही?" मी म्हटलं, तुझाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गावसभेसाठी मुद्दा मिळाला, तोही सोन्यासारखा. ही फळी धोक्याची आहे, आणि आता माझ्याकडे पुरावा आहे.

चार दिवस आमच्या खोपटात रांग लागलीय, आणि गुडघा एक नाही. मनगटं. सगळी मनगटं. पाय जखडलेले, काठ्या नाहीत, मग माणूस पडताना हात टेकवतो आणि सगळं वजन तिथं येतं. मागे पडला की माकडहाडावर. मनगटाच्या मापाच्या आखूड फळकुट्या आमच्याकडे नाहीतच. डेल्फीनच्या स्वयंपाकघरातून घेवड्याच्या डब्यांची खोकी आणून पुठ्ठा कापून बांधतोय. आज एक शिक्षिका आली, रटलंडची. दोन्ही हातांना जांभळी कडी, एक ताजं आणि एक पिवळं पडलेलं. मी सवयीनं विचारलं, कुणी धरलं होतं का. ती हसली. म्हणाली, "बर्फानं धरलं. गेल्या आठवड्यात डावा, या आठवड्यात उजवा." बाकावर बसताना तिनं एक अंग उचलून धरलं.

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं डेल्फीनला सांगितलं. मनगटं, माकडहाडं, पुठ्ठे. म्हटलं, सभेत हेच मांडतो, बघ कसे गार पडतात.

तिनं पळी खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलतोय. "ऑरिन," ती म्हणाली, "तू काय बोललास ते तुला ऐकू आलं का?" मग वरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. या बाईला काय झालंय कळत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कळलं.

सकाळी एकाचं मनगट बांधत होतो. पुठ्ठा, पट्टी, गाठ. गाठ मारताना त्या जांभळ्या कड्यावर माझी बोटं होती, आणि मला बटाट्याचं भांडं दिसलं. मी गाठ अर्धी सोडून बाहेर गेलो आणि बर्फात ओकलो. बड म्हणाला, काय रे, जास्त झाली का काल. मी म्हटलं, हो.

तिनं सांगितलं होतं. शब्द न शब्द. आईनं सांगितलं होतं. त्यानंही सांगायला सुरुवात केली होती, मूठ आवळून पड म्हणून.

२ मार्च, रविवार

दोनदा वॉशबर्नांच्या वळणापर्यंत गाडी नेली. दोन्ही वेळा पुढे गेलो आणि गिरणीपाशी वळवून परत आणली. माणसाला फळीनं मारायला पाय उचलले होते ते आता उचलत नाहीत.

कॉन्स्टेबलकडे गेलो. म्हटलं, नीलनं तिला हात लावला नव्हता, माझ्यावर खटला भर. तो हसला आणि पाठीवर थाप मारली. "ऑरिन, मिटलंय ते. घरी जा, झोप काढ." मी म्हटलं, मी एका निरपराध माणसाचा डोळा फोडलाय. तो म्हणाला, "तुझ्या जागी मी दोन्ही फोडले असते."

४ मार्च, मंगळवार. गावसभा

उजव्या हाताला पट्टी आहे, डाव्यानं लिहितोय. वेळ लागेल, लागू दे.

सभागृह भरलेलं. मागच्या टेबलांवर नेहमीसारखे घेवड्याचे हंडे आणि ॲपल-पायच्या थाळ्या मांडलेल्या. सकाळभर रस्त्यांची डागडुजी आणि अग्निशमनाची गाडी यांवर भांडण झालं, दर वर्षी होतं तसं. मार्नी आणि नील शेवटच्या रांगेत भिंतीला लागून होते. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. नीलनं डोळ्यावर काळं फडकं बांधलंय. माझ्या मनात आलं, बांधायची पद्धत चुकलीय, गाठ कानावर येतेय.

फळ्यांचा विषय आला. मिसेस पर्किन्स नव्वदीला टेकल्यात, त्या म्हणाल्या, "वीस वर्षांनी फळीही राहील आणि स्कीही राहील, बर्फ राहील का ते बोला." हशा झाला. मग बड उठला.

"धोका-बिका सोडा," तो म्हणाला. "फळीवाले माणूस म्हणून कसे आहेत ते बघा. तो मागे बसलाय त्याला बघा. आपल्या ऑरिनच्या पोरीची काय अवस्था केली त्यानं. असली माणसं हवीत का आपल्या टेकडीवर? ऑरिन, तूच सांग."

मी उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत.

टाळ्या थांबेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "नीलनं मार्नीला कधीही हात लावला नाही. ती फळीवरून पडत होती. सुट्टीच्या आठवड्यात मी अशीच मनगटं बांधलीत, पुठ्ठ्यानं, तुमच्यातल्या काहींचीही. तिनं मला खरं सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला नाही. मी विनाकारण त्याचा डोळा फोडला."

मला वाटलं, संपलं, आता माझ्यावर थुंकतील. कुणीच थुंकलं नाही. लोक माझ्याकडे मायेनं बघत होते.

"पोरीसाठी बाप काय काय बोलतो, कळतं हो आम्हाला," मिसेस पर्किन्स म्हणाल्या.

"विषयाला धरून बोला, ऑरिन," सभापती हळूच म्हणाला. "प्रश्न लिफ्टचा आहे."

"हाच विषय आहे," मी म्हणालो. "मी खोटं बोलत नाही."

"मोठ्या मनाचा माणूस," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा थोड्या टाळ्या झाल्या.

बड माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "पोरीनं पढवलंय याला," तो सगळ्यांना म्हणाला. "बायको बोलत नाही, पोरगी घर सोडून गेलीय, कुणीही मोडेल. बस, दोस्ता. तिला परत आणायचंय ना, आणू आपण. त्याचा दुसरा डोळा आहे की अजून."

मी त्याला मारलं. पहिल्या ठोशाला तो ॲपल-पायच्या टेबलावर पडला, टेबल मोडलं. मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. माझ्या मुठीत त्याचे दात रुतले, सफरचंदाचं सारण आणि रक्त एक झालं. मी प्रत्येक ठोशाला तेच सांगत होतो, त्यानं हात लावला नाही, त्यानं हात लावला नाही. बडला ते ऐकू येत होतं की नाही देव जाणे. चौघांनी ओढलं तेव्हा सुटलो. कॉन्स्टेबलनं मला बाहेर नेऊन पायरीवर बसवलं आणि माझ्या अंगावर स्वतःचा कोट घातला. एवढं होऊनही कोट घातला. "तू फार सोसलंयस," तो म्हणाला आणि मतदानाला आत गेला.

बर्फ वितळायला लागलंय, सगळीकडे चिखल. मार्नी आणि नील बाहेर आले. तो गाडीकडे गेला, चिखलातल्या एका खळग्यात त्याचा पाय पडला, डावीकडचा खळगा त्याला दिसला नव्हता. ती माझ्यासमोर थांबली.

"ऐकलंस ना," मी म्हटलं. "मी सांगितलं सगळ्यांना. त्यांचा विश्वासच बसत नाही."

"हो ना," ती म्हणाली. "असंच असतं ते."

मी म्हटलं, मला माफ कर. म्हटलं, मला कळलंच नाही, मनगटं बघून दुसरं काय वाटणार कुणाला.

तिनं खाली बसून माझा हात हातात घेतला, फुटलेली बोटं एकेक हलवून पाहिली, कुठं मोडलंय का ते. मी शिकवलं तसंच. मग स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढून घट्ट बांधला.

"तुला कळलं होतं, पपा," ती म्हणाली. "मी तुझ्यासमोर उभी राहून सांगितलं. तुला दोन गोष्टींतली एक निवडायची होती. मला कुणी मारतंय, नाहीतर मी फळीवर उभी आहे. तुला पहिली बरी वाटली."

ती रागानं बोलली नाही. गाठ मारली, उठली आणि गाडीत जाऊन बसली. नीलला आता चालवता येत नाही, तीच चालवते.

मी पायरीवरून उठलो नाही. आत हात मोजले जात होते. फळ्या जिंकल्या, हे मला घरी आल्यावर डेल्फीननं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.